निरक्षर लोकशिक्षक

वऱ्हाडातून पूर्णा नदी वाहते. तिच्या काठी, अमरावती जिल्ह्यात, ऋणमोचन नावाचे एक लहानसे गाव आहे. ऋण म्हणजे कर्ज आणि मोचन म्हणजे सुटका. पौष महिन्यातील रविवारी येथे यात्रा भरते. दूरदूरचे लोक येतात, नदीत स्नान करतात आणि देवदर्शन घेऊन घरोघर परततात. विसाव्या शतकाच्या आरंभी या नदीचा काठ फार निसरडा असे. म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बाया चिखलात घसरून पडत. अशा वेळी अंगावर चिंध्या पांघरलेला एक मनुष्य कोणी न सांगता तेथे आला आणि माती व वाळू टाकून तो उतार नीट करू लागला. त्याने कोणाकडे मजुरी मागितली नाही. पुढे त्याच्याच खटपटीने तेथे बांधीव घाट झाला.

नदीच्या पाण्याने अंगाचा मळ जातो. परंतु सावकाराच्या वहीत लिहिलेला आकडा त्या पाण्याने धुतला जात नाही. ही गोष्ट त्या मनुष्याला चांगली ठाऊक होती. कारण त्याचे स्वतःचे घर एकदा अशाच आकड्याने होरपळले होते. पुढे साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखले, ते हेच. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही लाखो निरक्षर लोकांना अक्षराची आणि हिशेबाची ओढ त्यांनी लावली. हे कसे घडले, ते या पाठात पाहू.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे नाव सखूबाई आणि आडनाव जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट समाजातील एका कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचे खाऊन-पिऊन बरे होते. परंतु देवाच्या नावाने कोंबडी-बकरी कापावयाची, जेवणावळी घालावयाच्या आणि त्याबरोबर दारू प्यावयाची, अशी त्या काळी अनेक घरांतील रीत होती. झिंगराजींना याच रीतीतून व्यसन जडले. व्यसनापायी शेतीवाडी गेली, शरीर खंगले आणि डेबू लहान असतानाच त्यांचा अंत झाला. मरणसमयी त्यांना आपल्या वागणुकीचा मोठा पश्चात्ताप झाला आणि मुलाला या वाटेला जाऊ देऊ नकोस, असे त्यांनी पत्नीला विनवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

झिंगराजी मनाने दुष्ट नव्हते. ते चुकले, आणि चूक कळली तेव्हा फार उशीर झाला होता. वेळेवर कोणी हात धरून त्यांना सावरले नाही. पुढच्या साऱ्या आयुष्यात गाडगेबाबांनी चुकलेल्या माणसांशी जो व्यवहार केला, तो समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

वडिलांच्या मागे सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या. त्यांचे माहेर मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी होते. मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांनी मायलेकरांना आधार दिला. डेबू गुरे राखू लागला. पूर्णेच्या डोहात पोहावे, गोठा झाडावा, गुरांना न्हाऊ-माखू घालावे, रात्री गावकऱ्यांच्या भजनात बसावे, असा त्याचा दिनक्रम होता. शाळेचे तोंड मात्र त्याने पाहिले नाही. जातीपातीचा विचार न करता तो भाकरी वाटून खाई, म्हणून पुष्कळदा त्याला बोलणी खावी लागत. वय वाढले तसा तो नांगर धरू लागला आणि मामांच्या शेतीचा खरा आधार बनला.

आता त्या काळचा वऱ्हाड कसा होता, ते थोडे पाहिले पाहिजे. वऱ्हाडची जमीन काळी, कसदार आणि कापसाला फार मानवणारी. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. त्याच दशकात मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे वऱ्हाडातून गेली. खामगाव, अकोला, अमरावती येथील कापसाच्या बाजारपेठा गजबजल्या. पूर्वी शेतकरी मुख्यतः घरी लागणारे धान्य पिकवी. आता तो विकण्यासाठी कापूस पिकवू लागला. यामुळे हाती रोख पैसा आला, पण त्याबरोबर तराजू, भाव, व्याज, दस्तऐवज आणि कोर्टकचेरी हीदेखील आली. व्यवहार कागदावर होऊ लागला आणि कागद वाचता येणारे थोडे होते. १९०१ सालच्या खानेसुमारीत सबंध देशात शंभर माणसांमागे सुमारे पाचच माणसे साक्षर भरली. यावरून खेड्यातील शेतकऱ्याची काय स्थिती असेल, याची कल्पना करावी.

चंद्रभानमामा कष्टाळू आणि सरळ मनाचे होते. वाचता मात्र येत नव्हते. जमिनीच्या व्यवहारासाठी ते सावकाराच्या कर्जात गुंतले. पैसे दिले किती, फिटले किती आणि उरले किती, हे सारे सावकाराच्या वहीत असे. ती वही मामांच्या समोर उघडी ठेवली काय आणि मिटून ठेवली काय, त्यांना दोन्ही सारखेच! सावकार सांगेल तो आकडा खरा मानावयाचा आणि दाखवील तेथे अंगठा उठवावयाचा, एवढेच निरक्षर ऋणकोच्या हाती असे.

कर्जाचा आकडा कसा फुगतो, हे तुम्ही स्वतः पाटीवर करून पाहा. समजा, एखाद्याने शंभर रुपये कर्ज काढले. व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. ऐकावयास हे फार वाटत नाही. परंतु वर्षाचे व्याज चोवीस रुपये झाले. ते दिले नाही, तर ते मुद्दलात मिळते आणि दुसऱ्या वर्षी व्याज एकशे चोवीस रुपयांवर चढते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस देणे सुमारे १५४ रुपये, तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस १९० रुपयांच्या वर आणि चौथ्या वर्षाच्या अखेरीस २३६ रुपयांच्या वर जाते. दहा वर्षे असेच चालू राहिले, तर शंभराचे देणे साडेआठशेच्याही पुढे जाते. ज्याला चक्रवाढ व्याज कळते, तो कर्ज काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. ज्याला ते कळत नाही, त्याला एके दिवशी आपले शेत दुसऱ्याचे झाल्याचे कळते.

चंद्रभानमामांचे असेच झाले. पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून सांभाळलेली जमीन कर्जापायी सावकाराच्या घशात गेली. हा धक्का मामांना सोसला नाही. त्यांनी अंथरूण धरले आणि त्यातच ते गेले. वृद्ध हंबीररावही फार दिवस जगले नाहीत. ज्या घराने पोरक्या डेबूला आसरा दिला होता, ते घर डेबूच्या डोळ्यांदेखत कोसळले.

सावकार जेव्हा शेताचा ताबा घेण्यास आला, तेव्हा तरुण डेबू तेथे नांगर धरून उभा होता. आपण कसतो ते शेत सोडणार नाही, असे त्याने बजावले. सावकाराने आणलेली माणसे पुढे सरसावली. पण डेबूचा आवेश पाहून त्यांना माघार घ्यावी लागली. गावाने श्वास रोखून हा प्रसंग पाहिला. सावकारापुढे मान वर करून बोलण्याची तोवर कोणाची छाती होत नसे. अखेरीस सावकारालाच तडजोड करावी लागली आणि काही जमीन घराकडे परत आली.

एखाद्या कथेचा येथे शेवट झाला असता. परंतु डेबूच्या जीवनाचे खरे कार्य येथून पुढे आहे. मनगटाच्या बळावर एक शेत राखता आले. पण गावोगाव जे हजारो चंद्रभान अंगठे उठवीत होते, त्यांचे काय? प्रत्येकाच्या बांधावर कोण उभा राहणार? ज्या शस्त्राने त्यांना लुटले जात होते, ते शस्त्र काठी नव्हते. ते लेखणी होते. तेव्हा लेखणी ज्याच्या त्याच्या हाती आल्यावाचून सुटका नव्हती. गाडगेबाबांच्या पुढील आयुष्यातील शिकवण पाहिली, म्हणजे हा धडा त्यांनी कधीही विसरू दिला नाही, असे दिसते.

१८९२ साली डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले. पुढे मुलगी झाली, तेव्हा बारशाच्या जेवणाला मांस आणि दारू पाहिजे, असा जातभाईंचा आग्रह पडला. कर्ज काढूनही ही रीत पाळणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. डेबूजींनी मात्र साधे गोड जेवण वाढले. लोक रुसले, कुरकुरले. पण ते ढळले नाहीत. दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी त्यांनी आपल्या घरापासून सुरुवात केली होती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. आई, पत्नी, मुले, शेत, सारे मागे ठेवून ते निघाले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हाती काठी आणि जवळ मातीचे एक फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्याच गाडग्यात ते भाकरी मागून खात, त्यातच पाणी पीत आणि ऊन लागले म्हणजे तेच डोक्यावर पालथे घालीत. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी त्यांना वेडा समजे, कोणी भिकारी म्हणून हाकलून देई. बाबा भाकरी मागत, पण फुकट घेत नसत. कोणाची लाकडे फोडून दे, कोणाचे अंगण झाडून दे, असे काही काम केल्यावाचून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

बाबा गावात येत, ते हाती खराटा घेऊनच. रस्ते झाडावे, गटारे मोकळी करावी, उकिरडे हलवावे, असे त्यांचे काम दिवसभर चाले. हळूहळू गावकरी ओशाळत आणि स्वतः झाडू उचलीत. सायंकाळ झाली, की त्याच स्वच्छ केलेल्या जागी बाबांचे कीर्तन होई. दिवसा गाव झाडावयाचा आणि रात्री मने झाडावयाची, असा हा क्रम पन्नास वर्षे चालला.

हे कीर्तन इतर कीर्तनांसारखे नव्हते. त्यात संस्कृत श्लोकांची रेलचेल नसे की विद्वत्तेचे प्रदर्शन नसे. बाबा अस्सल वऱ्हाडी बोलीत बोलत. देवाचा गजर झाला, की ते समोर बसलेल्या लोकांना प्रश्न विचारू लागत. प्रश्न अगदी साधे असत आणि उत्तरही लोकांनीच द्यावयाचे असे. कर्ज कोणी काढले? कशासाठी काढले? फेडणार कोण? देवाला बकरे कोणी मागितले? दारूने कोणाचे भले झाले? लोक एका स्वरात उत्तर देत. उत्तर देता देता आपण इतके दिवस काय करीत होतो, हे त्यांचे त्यांनाच उमगे. चांगला शिक्षक वर्गात हेच करतो. तो उत्तर सांगून मोकळा होत नाही. मुलांच्या तोंडून ते काढून घेतो. ज्या प्रौढ माणसांना कोणतीही शाळा घ्यावयास तयार नव्हती, त्यांच्यासाठी बाबांचे कीर्तन हीच शाळा होती. तिला भिंती नव्हत्या, फी नव्हती आणि जातीचा अडसर नव्हता.

या शाळेत कळकळीने शिकविला जाणारा एक विषय म्हणजे विद्या. घरातील ताटे मोडून विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खावी. बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे. पाहुण्यारावळ्यांचा थाट कमी करावा. परंतु मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नये, असे ते पुन्हा पुन्हा सांगत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण ते मोठ्या अभिमानाने देत. अस्पृश्य मानलेल्या घरात जन्मलेला एक मुलगा शाळेत गेला, शिकला आणि साऱ्या देशाची राज्यघटना घडविण्यापर्यंत पोहोचला. मग तुमचा मुलगा का शिकू नये, असा त्यांचा रोख असे. स्वतः निरक्षर असलेल्या माणसाने हे सांगावे, यात विलक्षण बळ होते. विद्या नसली म्हणजे काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांनी मामांच्या अंथरुणाशी बसून पाहिले होते.

विद्येच्या जोडीला ते हिशेब शिकवीत. लग्नात ऐपतीबाहेर खर्च करू नका, सण साजरा करण्यासाठी कर्ज काढू नका, दारूत पैसा घालू नका, हा त्यांचा नित्याचा उपदेश. हा उपदेश म्हणजे एक प्रकारचे अंकगणितच होय. त्या काळच्या नाण्यांत पाहू. रुपयाचे सोळा आणे होत. एखादा मजूर दारूवर रोज दोन आणे उडवीत असेल, तर त्याला ते क्षुल्लक वाटतात. पण वर्षाचे ३६५ दिवस धरले, तर ७३० आणे, म्हणजे ४५ रुपये १० आणे होतात. ज्याला हा गुणाकार येतो, त्याला त्या पैशांत मुलाची पुस्तके, पत्नीचे लुगडे आणि घराचे छप्पर दिसू लागते. ज्याला तो येत नाही, त्याला दिसतात फक्त दोन आणे.

बाबांची जीभ तिखट होती. ढोंग त्यांना खपत नसे. तरीही व्यसनी, कर्जबाजारी किंवा वाट चुकलेल्या माणसाला त्यांनी कीर्तनातून उठवून लावले नाही. उलट अशांच्यासाठीच ते गावोगाव फिरत होते. त्यांच्या दृष्टीने चुकलेला मनुष्य हा टाकून देण्याचा कचरा नव्हता. तो कचऱ्याखाली दडलेला रस्ता होता. खराटा हाती घेतला, की रस्ता पुन्हा दिसू लागतो, हा त्यांचा रोजचा अनुभव होता.

लोकांनी बाबांना पैसे दिले, तेही पुष्कळ दिले. त्यांतील एक पैही त्यांनी स्वतःसाठी किंवा आपल्या कुटुंबासाठी ठेवली नाही. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी बांधविली. पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. जेथे यात्रेकरू उतरत होते, तेथे विद्यार्थी राहावे, हा त्यामागील हेतू होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याविषयी बाबांना अतिशय जिव्हाळा होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयाला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याच्या नावाने महाविद्यालय निघाले, याहून मोठा सन्मान कोणता? १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. गोरगरीब मुलांसाठी आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालविण्याचे काम या मिशनने पुढे वाढविले.

या सर्व कार्यात बाबांच्या वाट्याला दुःखही फार आले. तरुण मुलगा गोविंदा वारल्याची बातमी कीर्तन चालू असतानाच त्यांना कळली. क्षणभर ते थांबले. आणि मग त्यांनी कीर्तन पुढे चालू केले. समोर शेकडो माणसे बसली होती. त्यांतही कोणी बाप होते, कोणी मुले होती. त्यांच्या दुःखापुढे बाबांनी स्वतःचे दुःख बाजूस ठेवले.

१९५६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात बाबा मुंबईत होते. वय ऐंशी वर्षांचे, शरीर थकलेले. ८ नोव्हेंबर रोजी वांद्रे येथे पोलिसांच्या वस्तीत त्यांचे कीर्तन झाले. या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाल्यामुळे त्यांचा आवाज आजही आपल्याला ऐकता येतो. श्रोते कोण होते, हे ध्यानात घ्या. चोरांना पकडणारे आणि गुन्हेगारांना कोर्टापुढे उभे करणारे पोलीस आपल्या बायकामुलांसह समोर बसले होते. त्यांच्यापुढेही बाबांनी तोच विषय मांडला. विद्या घ्या, मुलांना शिकवा, कर्ज काढू नका, शिवाशीव पाळू नका. वर्दीतला माणूस आणि त्याने पकडलेला माणूस, दोघांनाही लागणारे औषध एकच आहे, असे जणू ते सांगत होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. बाबांच्या मनाला हा घाव फार लागला. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीत जेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. १९८३ साली अमरावतीला विद्यापीठ स्थापन झाले आणि २००५ साली त्याला संत गाडगेबाबा यांचे नाव देण्यात आले. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना जी पदवी मिळते, तिच्यावर आता त्या निरक्षर महापुरुषाचे नाव असते.

बाबा गेल्यानंतर दीड वर्षात, १९५८ साली, आपल्या संसदेने परिवीक्षेचा कायदा केला. परिवीक्षा म्हणजे काय? एखाद्याच्या हातून गुन्हा घडला, पण तो सुधारण्याजोगा आहे असे न्यायाधीशास वाटले, तर त्याला तुरुंगात न पाठविता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. त्याच्यावर देखरेख करण्यासाठी, त्याला सल्ला देण्यासाठी आणि कामधंदा मिळवून देण्यास साह्य करण्यासाठी परिवीक्षा अधिकारी असतो. चुकलेल्या माणसाला कुलपाआड टाकणे हाच एक उपाय नव्हे, हे तत्त्व अशा रीतीने देशाच्या कायद्यात आले.

परंतु नुसते सोडून दिल्याने मनुष्य सुटतो काय? ज्या हमीपत्रावर तो अंगठा उठवितो, ते त्याला वाचता आले पाहिजे. मजुरी मोजून घेता आली पाहिजे. कर्जाचा कागद पुढे आला, तर व्याजाचा दर त्याच्या ध्यानात आला पाहिजे. एवढे नसेल, तर तो पुन्हा कोणाच्या तरी हातचे बाहुले होतो आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पडण्याचा संभव राहतो. म्हणून चुकलेल्या माणसाला अक्षर आणि अंक शिकविणे, हे त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत. समाजाचे ते त्याच्याकडे राहिलेले देणे आहे. त्याला लहानपणी कोणीतरी शाळेत बसवावयास हवे होते. ते राहून गेले.

असे देणे फेडण्यासाठी गाडगेबाबा पन्नास वर्षे पायपीट करीत राहिले. १९५१ सालच्या खानेसुमारीत देशात शंभरामागे अठराच माणसे साक्षर होती. उरलेल्या ब्याऐंशी माणसांमध्ये बाबा स्वतःही होते, आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. आज ही संख्या पालटली आहे. अंगठा उठविणाऱ्यांची जागा सही करणाऱ्यांनी घेतली आहे. तरीही प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत अजून एखादे म्हातारे आजोबा किंवा मोलमजुरी करणारी एखादी मावशी अशी सापडते, की हातात आलेला कागद ती दुसऱ्यापुढे धरते आणि तो सांगेल ते खरे मानते.

मुलांनो, ऋणमोचनचा घाट बांधताना बाबांनी प्रथम एकट्याने एक टोपली माती टाकली होती. तुम्हाला वाचता येते आणि बेरीज-वजाबाकी करता येते. तुमच्या शेजारच्या आजोबांना त्यांचे नाव लिहावयास शिकविले, तर तीही एक टोपली मातीच होईल. निसरड्या काठावरून कोणी एक मनुष्य तरी न घसरता खाली उतरेल.